ताडीवाला रोड ते ‘तडीपार’: एम. सी. स्टॅनची स्वतंत्र वाट

मार्केट यार्डात पहाटे भाजीपाल्याच्या गाड्या खाली होऊ लागतात, तेव्हा एखाद्या टेम्पोच्या केबिनमधून भजनाऐवजी रॅप ऐकू आले तरी आता कोणाला नवल वाटत नाही. यार्डाभोवतीच्या वस्त्यांतील मुलांना या गाण्याची ओढ का लागली, याचे एक उत्तर याच शहरात सापडते. पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोड वस्तीतील अल्ताफ शेख ऊर्फ एम. सी. स्टॅन याने कोणत्याही बड्या संगीत कंपनीचा आधार नसताना सुरुवात केली आणि देशभर नाव मिळवले.

सवाई गंधर्व महोत्सवाची १९५३ पासूनची परंपरा मिरवणाऱ्या शहराला हा सूर परका वाटणे स्वाभाविक होते. मुळात हिप-हॉपचा जन्मही अभावाच्या वस्तीतलाच. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क यांनी बहिणीने आयोजित केलेल्या मेळाव्यात दोन तबकड्यांच्या साह्याने तालाचा तुकडा लांबवत नेला. या संगीताचा उगम तेथून मानला जातो. वाद्यवृंद परवडत नाही, तेथे ताल आणि शब्द एवढेच भांडवल पुरते.

सुरुवात

स्टॅनचा जन्म १९९९ चा. लहानपणी तो कव्वाली गात असे. पुढे रॅपकडे वळला. त्याचे टोपणनाव अमेरिकी रॅपर एमिनेमच्या चाहत्यांसाठी रूढ झालेल्या ‘स्टॅन’ या शब्दावरून आले आहे. २०१८ मध्ये ‘वाटा’ या गाण्याने त्याच्याकडे लक्ष वेधले गेले. काळही अनुकूल होता. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले होते. मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी यांच्या ‘मेरे गली में’ने २०१५ मध्ये गल्लीतल्या रॅपला वाट करून दिली होती, तर फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘गली बॉय’ चित्रपटाने ते घरोघरी नेले.

२०१९ मध्येच ‘खुजा मत’ या गाण्यातून स्टॅनने मुंबईच्या एमीवे बंटाय या रॅपरला ललकारले. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडांत शाहीर एकमेकांना सवाल टाकत. रॅपमधील ही चकमक काहीशी तशीच, मात्र भाषा कितीतरी अधिक शिवराळ. या शिवराळपणाबद्दल स्टॅनवर सातत्याने टीका झाली. त्याच वर्षीच्या ‘अस्तगफिरुल्लाह’ या गाण्यात मात्र तो स्वतःच्या आयुष्याकडे वळून पाहतो. या अरबी शब्दाचा अर्थ ‘मी ईश्वराची क्षमा मागतो’ असा होतो.

‘तडीपार’

२०२० मध्ये त्याचा ‘तडीपार’ हा अल्बम आला. तडी म्हणजे काठ. काठापलीकडे घालवलेला तो तडीपार. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ नुसार एखाद्याला जास्तीत जास्त दोन वर्षे हद्दपार करता येते. वस्तीतल्या मुलाला हा शब्द कायद्याच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही, तो गल्लीतच कानावर पडतो. स्टॅन हिंदीत गातो; पण ‘येडा’, ‘शेमडी’ असे मराठी वळणाचे शब्द तिच्यात सहज मिसळलेले असतात. पुण्याच्या वस्त्यांत बोलली जाणारी ही भाषा त्याने लाजून लपवली नाही. संगीताची जुळवणीही तो स्वतः करतो. त्यामुळे निर्मितीचा खर्च आटोक्यात राहतो आणि गाण्यावरची पकडही सुटत नाही. २०२२ मध्ये ‘इन्सान’ हा पुढचा अल्बम आला.

पडद्यावरची मोहर

स्वतंत्र कलावंताचे नाव सर्वदूर पोहोचवले ते मात्र दूरचित्रवाणीने. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी स्टॅन ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाचा विजेता ठरला आणि त्याला ३१ लाख ८० हजार रुपये व मोटार मिळाली. उपविजेता होता अमरावतीचा शिव ठाकरे. त्यानंतर लगेचच निघालेल्या दौऱ्यात, मार्च २०२३ मध्ये इंदूरचा कार्यक्रम गाण्यांतील भाषेला झालेल्या विरोधामुळे पार पडू शकला नाही. प्रसिद्धीबरोबर पहाराही वाढतो, हे तेव्हा दिसून आले.

स्वातंत्र्याचा हिशेब

गळ्यातील साखळ्या आणि महागडे बूट पाहून अनेक मुले या वाटेकडे वळतात. या वाटेवरचा हिशेब मात्र कठोर आहे. यू-ट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळवण्यासाठी एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण हा २०१८ मध्ये घातलेला निकषच नवख्याला जड जातो. त्याची खरी मिळकत बहुधा जाहीर कार्यक्रमांतून होते.

एक आधार मात्र कायद्याने दिलेला आहे. प्रतिलिप्यधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार गीतकार व संगीतकाराला रॉयल्टीतील आपला वाटा निर्मात्याच्या किंवा कंपनीच्या नावे करून देता येत नाही. तसा करार केला, तरी तो ग्राह्य धरला जात नाही. कागदावर सही करण्यापूर्वी हे ठाऊक असलेला मुलगा सहजासहजी फसत नाही.

स्टॅनच्या वाट्याला आलेले यश प्रत्येकाला मिळणार नाही. त्याच्यासारखे घरोघरी पोहोचायचे, तर दूरचित्रवाणीचा एखादा कार्यक्रम लागतोच, असेही कोणी म्हणेल. परंतु त्या पडद्यावर जाण्याआधीच त्याची गाणी तयार होती आणि ती त्याने स्वतः घडवलेली होती. मार्केट यार्डच्या टेम्पोत ती ऐकणाऱ्या मुलाने त्याच्याकडून घेण्यासारखे काही असेल, तर ते हेच.