यार्डबर्ड्स : तीन गिटारवादक आणि टिकून राहिलेले तिघे

साठच्या दशकातील ब्रिटिश रॉक संगीताच्या इतिहासात ‘यार्डबर्ड्स’ या बँडची नोंद बहुधा एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज या तीन गिटारवादकांच्या वाटेवरचा टप्पा एवढीच होते. गायक व हार्मोनिकावादक कीथ रेल्फ, ड्रमवादक जिम मॅकार्टी आणि गिटारवादक क्रिस ड्रेया हे तिघे १९६३ पासून १९६८ पर्यंत बँडमध्ये टिकून होते, ही गोष्ट तीत झाकली जाते. आरंभीचा मुख्य गिटारवादक टॉप टोपॅम अवघा पंधरा वर्षांचा होता आणि घरच्यांनी व्यावसायिक वादनाला नकार दिल्यामुळे ऑक्टोबर १९६३ मध्ये त्याच्या जागी क्लॅप्टन आला. रोलिंग स्टोन्सनंतर रिचमंडच्या क्रॉडॅडी क्लबात याच बँडची वर्णी लागली. ‘रेव्ह-अप’, म्हणजे गाण्याच्या मध्यावर गायन थांबवून सर्व वाद्यांनी मिळून आवाज आणि आवेग चढवत नेण्याची रीत, ही त्याची ओळख. तिचे श्रेय गिटारइतकेच पॉल सॅमवेल-स्मिथच्या बासलाही द्यावे लागते.

१९६५ मध्ये हार्पसिकॉर्ड या तारा छेडणाऱ्या जुन्या पट्टीवाद्याच्या साथीने ‘फॉर युवर लव्ह’ गाजले आणि ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी गानपरंपरेचा निष्ठावंत क्लॅप्टन बाहेर पडला. विचारणा झालेल्या पेजने स्वतः न येता बेकचे नाव सुचवले. पुढच्या ‘हार्ट फुल ऑफ सोल’साठी सतार वाजवून घेण्यात आली होती, पण ते ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून बेकने फझ बॉक्स, म्हणजे गिटारचा स्वर मुद्दाम खरखरीत करणारे उपकरण, वापरून सतारीचा भास निर्माण केला, बँडची सर्वांत कल्पक कामगिरी हीच म्हणावी लागेल.

जून १९६६ मध्ये सॅमवेल-स्मिथ गेल्यावर पेज आला तो बासवादक म्हणून, आणि ड्रेयाने बास हाती घेतल्यानंतरच बेक व पेज यांची दुहेरी गिटार ऐकू आली. आंतोनिओनीच्या ‘ब्लो-अप’ चित्रपटात दिसणारी ही जोडी त्याच वर्षअखेर फुटली. जुलै १९६८ मध्ये रेल्फ आणि मॅकार्टी यांनी बँड सोडला, तेव्हा ठरलेला स्कँडिनेव्हियाचा दौरा पेजने रॉबर्ट प्लँट, जॉन पॉल जोन्स आणि जॉन बॉनम यांना घेऊन सप्टेंबरमध्ये जुन्याच नावाने पार पाडला. थोड्याच दिवसांत हा संच लेड झेपेलिन झाला. छायाचित्रणाकडे वळलेल्या ड्रेयाने त्यांच्या पहिल्या अल्बमच्या मागील वेष्टनासाठी त्यांचे छायाचित्र काढले.