उर्दू शायरीच्या घरात आई कधी आली?

‘गझल’ या शब्दाचा जुना अर्थ स्त्रियांशी गुजगोष्टी करणे असा सांगितला जातो. पण त्या स्त्रियांत माशूका होती; आई, दादी, लेक सहसा नव्हती. जुने दीवान चाळले तर महफिल, मयखाना, बाग सारे भेटते. चूल आणि पाळणा क्वचितच दिसतो. आईच्या कदमांखाली जन्नत मानणाऱ्या समाजाच्या शायरीत आईला जागा का नसावी? उर्दू शिकविताना हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो.

जागा होती, पण ती मर्सियात. लखनौच्या मीर अनीस (1803-1874) यांनी सन 680 च्या करबलाचा प्रसंग सांगताना युद्धाइतकेच घर रंगविले. रणात जाण्यासाठी बापाकडे इजाजत मागणारा अली अकबर, तहानेने व्याकूळ तान्हा अली असगर, बापाची वाट पाहणारी सकीना. ही पात्रे अरबस्तानातली; पण बोलतात, रडतात ती लखनौच्या एखाद्या घरातल्यासारखी. आई-बाप आणि मुले यांचे नाते उर्दूत एवढ्या विस्ताराने आले ते असे, निरोपाच्या घडीला.

मिर्झा गालिब यांना सात मुले झाली. एकही जगले नाही. पत्नीच्या बहिणीचा मुलगा आरिफ याला त्यांनी पोटच्या पोरासारखे मानले. तोही 1852 मध्ये भरतारुण्यात गेला. त्याच्यावरचा शोक गालिब यांनी गझलेच्याच साच्यात लिहिला. माशूकेसाठी राखलेल्या साच्यात एक मुलगा आला, पण मरणानंतर. पुढे आरिफची दोन लहान मुले गालिब यांच्या घरी वाढली. बिछान्यावर अनवाणी नाचणाऱ्या, पाणी सांडणाऱ्या या पोरांची लाडिक तक्रार त्यांच्या पत्रांत आहे. म्हणजे दादाची माया होती. ती गद्यात उतरली, दीवानात नाही!

इक्बाल यांच्या मातोश्री इमाम बीबी 1914 मध्ये वारल्या. त्यांच्या आठवणीत लिहिलेली दीर्घ नज्म ‘बांग-ए-दरा’ (1924) या संग्रहात आहे. केवढाही विद्वान आईपुढे लहान मूलच असतो, ही भावना तीत आहे. लेकाच्या पत्राची वाट पाहणारी आईही आहे. पण इथेही आई कवितेत आली ती जग सोडल्यावर.

याच काळात मराठीत ‘प्रेमस्वरूप आई’ लिहिणारे माधव जूलियन हे फारसीचे प्राध्यापक होते, आणि मराठीत गझल रुजविणारेही तेच. गझलेची आणि आईची दोन्ही वाटा एकाच लेखणीला ठाऊक होत्या, हे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

फाळणीने घरे तुटली आणि शायरी घराकडे वळली. निदा फाजली (1938-2016) यांचे आई-वडील पाकिस्तानात गेले. ते इथेच राहिले, मुंबईचे झाले. बापाच्या कबरीवर फातिहा पढायला न गेलेल्या मुलाची त्यांची नज्म प्रसिद्ध आहे. आईला तर त्यांनी स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांसह कवितेत आणले. मुनव्वर राणा (1952-2024) यांनी आईला थेट मुशायऱ्याच्या मंचावर नेले. ‘हे गझलेचे काम नव्हे’ म्हणणारे होतेच. पण ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत. अखेर जिवंत आई गझलेत आली.

दादी-नानी मात्र अजून उंबऱ्याबाहेरच आहेत. ज्यांच्या मांडीवर आम्ही उर्दू शिकलो, दुआ शिकलो, कहाण्या ऐकल्या, त्यांच्यावर मोठी म्हणावी अशी नज्म शोधावी लागते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी आज आजी एका कोपऱ्यात आणि मूल मोबाईलमध्ये असते. मर्सिया आम्हाला उत्तम येतो. पण माणूस समोर बसलेले असताना त्याच्याविषयी चार ओळी लिहिण्याची सवय मुलांना लावणे, हे आम्हा शिक्षकांचे काम आहे. ते आपण वर्गात उद्यापासूनही सुरू करू शकतो.