घाटाखालून वायकीकीपर्यंत

तारीख १८ फेब्रुवारी १९७८. हवाईतलं ओआहू बेट, वायकीकीचा किनारा. नुकतं उजाडलंय, पायाखालची वाळू अजून गार आहे. तिकडे घरी बुलढाण्यात याच तारखेची रात्र झाली आहे. विधानसभेच्या मतदानाला आठवडा राहिलाय. शेगावात गजानन महाराज प्रकटले त्या २३ फेब्रुवारी १८७८ या तारखेला आणखी पाच दिवसांनी शंभर वर्षं पूर्ण होतील. आणि तुम्ही अर्ध्या पृथ्वीपलीकडे, नुसत्या पोहायच्या चड्डीवर, पंधरा जणांच्या घोळक्यात उभे आहात.

सोळावे तुम्ही. तुम्हाला कोणी हटकत नाही. घोट्याला बांधायची चिप नाही, कुठे जाहिरातीचा फलक नाही, रस्त्यात पाणी देणारी टेबलं नाहीत. ज्याने त्याने आपला मित्र आणि आपली गाडी आणली आहे. पाणी, खाणं, पंक्चर, सगळं त्या मित्राच्या भरवशावर. धावणारा जास्त दमदार की पोहणारा, असा वाद रंगला होता. नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एका दिवसात जोडून तो आज पणाला लावलाय. समुद्रात ३.८ किलोमीटर पोहायचं, बेटाला वळसा घालत १८० किलोमीटर सायकल हाकायची आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. या शर्यतीला पुढे जग आयर्नमॅन म्हणणार आहे. पण हे सलग केल्यावर अंगाचं काय होतं, हे आज सकाळी कोणालाच ठाऊक नाही.

तुम्ही पाण्यात शिरता. पोहायला तुम्ही विहिरीत शिकलात, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. विहिरीत खोली असते, भीती असते, पण दिशा नसते. चार हात मारले की दगडी भिंत येते आणि तुम्ही वळता. इथे भिंतच नाही. खाली पोवळ्यांचा खडक, वर पसरलेलं ऊन आणि तोंडात खारट पाणी. दर सहा-आठ हातांनी डोकं वर काढून आपण कुठे चाललोय ते बघावं लागतं, नाहीतर लाट तुम्हाला अलगद बाजूला नेते. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला सगळ्यात अवघड जाते ती ही गोष्ट. दमापेक्षाही अवघड.

सायकलवर बसल्यावर मात्र जरा घरचं वाटतं. चढ आला की तुमचे पाय आपोआप राजूर घाट आठवतात. पुढे जॉन डनबार नावाचा नौदलाचा जवान आहे. दुपारनंतर त्याच्या सोबत्यांजवळचं पाणी संपतं आणि ते त्याला चक्क बिअर पाजतात. धावताना मागून गॉर्डन हॅलर येतो, त्याला गाठतो आणि ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत संपवून मोकळा होतो. तुम्ही त्या दोघांच्या कितीतरी मागे आहात. कॉलिन्सही मागेच आहेत. ते वाटेत थांबून पोटभर खाऊन घेतात आणि सतरा तासांच्या आसपास पोहोचतात. पंधरांपैकी बारा जण शेवटपर्यंत जातात. प्रत्येकाच्या हातात कॉलिन्स यांनी स्वतः घडवलेली धातूच्या नळीची छोटी मानवाकृती पडते. बक्षीस म्हणाल तर एवढंच.

या खेळाबद्दल मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट. हवाईच्या या शर्यतीत पैशांचं बक्षीस यायला १९८६ उजाडावं लागलं. म्हणजे आधी आले हौशी, आणि पोटासाठी धावणारे त्यांच्या मागून. चाळिशी-पन्नाशीत नोकरी सांभाळून सराव करणारा माणूस व्यावसायिक खेळाडूची फिकी नक्कल करतोय, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. ही शर्यत मुळात त्याचीच आहे.

पुढे चला. १९८२चा फेब्रुवारी, शर्यत आता कोना गावी हलली आहे. आघाडीवर असलेली ज्युली मॉस ही कॉलेजची मुलगी शेवटच्या काही मीटरांवर कोसळते. डोळ्यांदेखत कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून जाते. ज्युली रांगत रेषा ओलांडते, आणि दूरदर्शनवर ते पाहून हजारो माणसं पोहायला शिकू लागतात.

अजून पुढे. २०१२, कॅनडातलं पेंटिक्टन. रात्र झाली आहे, सतरा तासांची मुदत संपत आली आहे आणि रेषेजवळची गर्दी हलायला तयार नाही. ८२ वर्षांच्या सिस्टर मॅडोना ब्यूडर येताहेत. या जोगिणीने धावायला सुरुवात केली तीच अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. या खेळात दर पाच वर्षांचा एक वयोगट असतो. त्या इतकी वर्षं टिकल्या की आयोजकांना त्यांच्यासाठी वरचे गट नव्याने उघडावे लागले. गर्दीत उभं राहून तुम्ही मनातल्या मनात तुमचं वय त्यांच्या वयातून वजा करता.

आणि मग २० ऑक्टोबर २०१९, गोवा, मिरामारचा किनारा. अर्ध्या अंतराची आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा इथे पहिल्यांदाच होते आहे. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं, सगळं साडेआठ तासांत. सेनादलाचा बिश्वोरजित सायखोम पहिला येतो. तुमच्या भोवती मात्र मराठी ऐकू येतं. कोणी कोल्हापूरचं, कोणी पुण्याचं. पुण्याच्या कौस्तुभ राडकरांनी पूर्ण अंतराच्या कितीतरी शर्यती पुऱ्या करून ही वाट आपल्याकडे रुळवली, आणि २०१५मध्ये झुरिकला मिलिंद सोमण यांनी पन्नाशी गाठण्याआधी काही महिने १५ तास १९ मिनिटांत आयर्नमॅन पूर्ण केली, तेव्हा घराघरांत त्याची चर्चा झाली. आता पाण्यातून बाहेर आल्यावर काय करायचं ते तुम्हाला पाठ आहे. हेल्मेटचा पट्टा आधी लावायचा, सायकलला हात नंतर. पुढच्याच्या चाकामागे वाऱ्याचा आडोसा घेत राहायचं नाही, दंड बसतो. धावताना ऊन डोक्यावर येतं, मीठ गालांवर सुकतं. कडेला उभी असलेली अनोळखी बाई तुमच्या छातीवरचा नंबर वाचून तुम्हाला हाक मारते आणि तुम्ही आणखी एक किलोमीटर पळता.

शेगावहून पंढरपूरला पालखीसोबत सातशेहून अधिक किलोमीटर चालून जाणाऱ्या वारकऱ्याला तुमचा कितवा नंबर आला, असं कोणी विचारत नाही. तुम्ही गोव्याहून घरी परतता तेव्हा गल्लीत पहिला प्रश्न तोच येतो. येऊ द्या. वयोगटात एकशे कितवे आलात तो आकडा न लाजता सांगा.

आता आजची पहाट, बुलढाणा. समुद्र नाही. लोणारला पाणी आहे, पण ते खारट, क्षारांनी भरलेलं, अभयारण्यातलं. तिथे पोहता येत नाही. तुमच्याकडे आहे तो घाट. घाटावरच्या बुलढाण्यात हवा गार असते, राजूर घाट उतरून मोताळा ओलांडला की मलकापूरकडे उन्हाळ्यात भट्टी पेटलेली असते. उष्ण देशातल्या शर्यतीसाठी यापेक्षा चांगली तालीम पैसे देऊनही मिळायची नाही. दूधवाला मोटारसायकल हळू करून विचारतो, "कुठी चालले हो मास्तर एवढ्या पायटे?" तुम्ही हात वर करता, थांबत नाही.

नव्या वर्षाच्या स्पर्धेचा अर्ज तुम्ही रात्रीच भरलाय. ३१ डिसेंबरला जे वय होणार ते धरतात. तुम्हाला पंचावन्न पूर्ण होतील, म्हणजे ५५ ते ५९चा गट. गेल्या वर्षी पन्नाशीतल्या पोरांत तुम्ही सगळ्यात थोरले होतात, यंदा गटात सगळ्यात धाकटे. आज मोताळ्यापर्यंत जायचं, घाट चढून परत यायचं आणि सायकल भिंतीला टेकवली की पाय लाकडासारखे जड असतानाच पाच किलोमीटर पळायचं.