परिचर्या : रुग्णसुरक्षेच्या तत्त्वाचा उदय

रुग्णास स्वच्छता, शुद्ध हवा, योग्य आहार व विश्रांती मिळवून देणे आणि रुग्णालयापासूनच त्याला अपाय होऊ न देणे, ही परिचर्येची मूलतत्त्वे होत. क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) त्यांची कसोटी लागली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) या ३८ परिचारिकांसह नोव्हेंबर १८५४ मध्ये स्कूटारी (सध्याचे उस्कुदार, इस्तंबूल) येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे जखमांपेक्षा आमांश, पटकी इ. रोगांनीच अधिक सैनिक दगावत. परिचारिकांनी अन्न, कपडे व स्वच्छता यांची व्यवस्था लावूनही हिवाळ्यात मृत्यूंचे प्रमाण वाढतच गेले. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने तुंबलेली गटारे साफ करून वायुवीजन सुधारल्यावर ते झपाट्याने उतरले. युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने आकडेवारी तपासल्यावर अस्वच्छता हेच मृत्यूंचे मुख्य कारण असल्याची नाइटिंगेल यांची खात्री पटली. स्वतःच्या रुग्णालयाचे आकडेही त्यांनी अहवालात झाकून ठेवले नाहीत. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० मध्ये त्यांच्या निधीतून प्रशिक्षणशाळा सुरू झाली. केवळ सेवाभावाने रुग्ण वाचत नाही. त्याला निरीक्षण, नोंद व स्वच्छता यांची जोड लागते, हा स्कूटारीचा धडा परिचारिकेच्या शिक्षणाचा आजही पाया आहे.