अकरा महिन्यांचं घर

मागच्या व्याख्यानानंतर विद्यापीठातल्या काही मुलांनी आम्हाला विचारलं, "सर, जळगावात भाड्यानं फ्लॅट बघतोय, काय काय बघायचं?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर इतिहासातून जातं. म्हणून आज तोच विषय घेऊ.

जो माणूस बापजाद्यांच्या घरात जन्मतो, त्याला घर निवडावं लागत नाही. निवडायची वेळ येते ती नोकरदारावर, विद्यार्थ्यावर, बदली झालेल्यावर. खानदेशात हा वर्ग इंग्रजी अमलाबरोबर वाढला. १८१८ला पेशवाई बुडाली, खानदेश कॅप्टन ब्रिग्जच्या हाती आला, नि त्यानं धुळ्याला मुख्य ठाणं केलं. जुन्या गावाशेजारी आखीव नवी पेठ वसवली, व्यापारी आणि कारागीर बाहेरून बोलावले. धुळेकर आजही पत्ता 'गल्ली नंबर चार', 'गल्ली नंबर पाच' असाच सांगतो; पुण्याच्या माणसाला त्याचं नवल वाटतं. पुढं १९०६ला जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचं मुख्य ठिकाण झालं. आता कचेरी आली की कारकून येतो, वकील येतो, मास्तर येतो. तो काही लगेच घर बांधत नाही. कुणाच्या तरी वाड्यात दोन खोल्या घेतो.

पण घेतो म्हणजे काय? आपण म्हणतो, मी घर पसंत केलं. खरी पसंती आधी मालकाची असायची. आमच्याकडे दारात गेलं की अहिराणीत पहिला प्रश्न येतो, "कोठला शेतस तुम्ही?" प्रश्न आपुलकीचाच आहे, त्यात खोट नाही. पण गावावरून आडनाव, आडनावावरून जात, अशी ती पायरी-पायरीनं चौकशी चालते. शेवटच्या पायरीवर कुणाला खोली मिळते, कुणाला "आत्ताच दिली हो" असं उत्तर मिळतं.

या उत्तराचा सगळ्यात कडू अनुभव बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवला आहे. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला हा माणूस बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाला. त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी लोक दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे विचारून झालं, दोघांनीही टाळलं. मग सार्वजनिक बागेत बसून राहायचं आणि रात्रीची मुंबईची गाडी धरायची, एवढंच उरलं. हे बडोद्याचं झालं म्हणून आपण सुटत नाही. १९२९ला धुळ्याहून परतताना ते आपल्या चाळीसगावी उतरले, तेव्हा टांगेवाले त्यांना न्यायला तयार नव्हते. ज्याला टांगा हाकायची सवय नाही अशा माणसानं तो हाकला, पुलावर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. टांगा काय नि खोली काय, पैसे द्यायची तयारी असूनही मिळत नाही, ही गोष्ट एकच आहे.

'फॅमिलीलाच देतो', 'व्हेज असाल तर बोला', ही वाक्यं आज जळगावच्या कॉलन्यांमधून ऐकतो तेव्हा आम्हाला ती नवी वाटत नाहीत.

आता कागदाकडे येऊ, कारण घर निवडताना मुलं भिंतीचा रंग बघतात आणि कागद वाचत नाहीत. अकरा महिन्यांचाच करार का? बारा का नाही? १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं केलं. अकरा महिने लिहिले की नोंदणीही नको आणि तिचा खर्चही नको. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू १९४७च्या मुंबई भाडे कायद्याची. त्यानं भाडं साधारण १९४०च्या पातळीवर गोठवलं आणि भाडेकरूला काढणं फार अवघड केलं. त्यात माणुसकी होती, आणि मालकांनी डागडुजी सोडून दिली हेही खरं. मग मालकांनी पळवाट शोधली: भाडेकरू म्हणायचंच नाही, 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणायचं. १८८२च्या सुखाधिकार कायद्यात लायसन्सची व्याख्या आहे. त्यातून मिळते ती फक्त वापरायची परवानगी; मालमत्तेत तुमचा कसलाही हितसंबंध निर्माण होत नाही. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, तिथं अधिकार आणि अनुमती यांतला फरक समजवायला एक तास जायचा. घरमालकाला तो एका ओळीत समजला होता!

सरकारनं १९७३ला ही पळवाट अंशतः बुजवली. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे परवानाधारक जागेत राहत होते त्यांना भाडेकरू मानलं. त्यानं मालक आणखी घाबरले आणि कुलूपबंद घरं वाढली. शेवटी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. मुदत संपल्यावर परवानाधारकानं जागा सोडली नाही तर दुप्पट रक्कम भरावी लागते. आणि करार, अकरा महिन्यांचा असला तरी, लेखी करून नोंदवावाच लागतो. ती जबाबदारी मालकाची आहे, न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. म्हणजे नोंदणीचं कारण सरलं, तरी अकरा आकडा सवयीनं टिकला आहे. "कशाला नोंदणी, आपण घरचेच" असं जो मालक म्हणतो, त्याच्या घराची पसंती जरा लांबवा.

उरलं घर. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची. लाकडी माळवदावर मातीचा जाड थर, जाड भिंती. दुपारी आत गेलं की जीव शांत व्हायचा. आज स्लॅब आहे, आणि मे महिन्यात पारा ४५च्या पुढं जातो. वरच्या मजल्याचा फ्लॅट स्वस्त का, हे तिथं रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला की कळतं; दिवसभर तापलेली पश्चिमेची भिंत तेव्हा उष्णता बाहेर टाकत असते. म्हणून घर बघायला सकाळी जाऊ नका, मालक सकाळीच बोलावतो. आणि पाणी. जळगावला वाघूर धरणाचं, धुळ्याला तापीचं नि नकाणे तलावाचं, पण नळाला रोज येईलच असं नाही. ते कितव्या दिवशी येतं, किती वेळ टिकतं, टाकी किती लिटरची आहे, हे मालकाला विचारू नका. जिन्यात शेजारची बाई भेटेल, तिला विचारा. हंडे किती भरून ठेवलेत ते तिच्या दारातूनच दिसेल.