तलवारीची लाकडी पेटी : दर्शन व रक्षण

28 मार्च 1876 च्या आज्ञेने जपानात सैनिक, पोलीस व समारंभी पोशाखातील अधिकारी यांच्याखेरीज इतरांस तलवार बाळगून फिरण्यास बंदी झाली. सामुराईंची तलवार त्यामुळे प्रामुख्याने जतनाची वस्तू ठरली. जतनाची रीत मात्र त्याहून जुनी होती. पाते 'शिरासाया' या रोगण नसलेल्या साध्या म्यानात राही. होनोकी नामक मऊ लाकडाचे त्याचे दोन भाग भाताच्या खळीने जोडीत. साहजिकच आतील सफाईसाठी ते उकलता येत. मूठ, परज व शोभेचे म्यान यांची मांडणी आत 'त्सुनागी' हे लाकडी पाते बसवून होई. दर्शन व रक्षण यांची ही फारकत अर्थपूर्ण होय.

युरोपात संग्रहालयांच्या भारदस्त पेट्यांसाठी ओक वापरीत. परंतु ओकमधून निघणारी ॲसेटिक आम्लाची वाफ बंद पेटीत साचते व धातूंचे, विशेषतः शिशाचे, क्षरण करते. ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी 1973 साली पेटीच्या द्रव्यांसाठी कसोटी मांडली. तिच्या रूढ स्वरूपात द्रव्याचा नमुना चांदी, तांबे व शिसे यांच्या पट्ट्यांसह दमट, बंद पात्रात 60 अंश सेल्सिअसवर 28 दिवस ठेवतात.

तलवारीच्या नोंदीत तिच्या पेटीच्या लाकडाचाही उल्लेख असावा. पात्यावरील डाग रणांगणाचा की पेटीचा, याचा निर्णय अभ्यासकास त्याशिवाय करता येणे कठीण आहे.