अंगठा लागत नाही

एक छोटा प्रयोग करा आणि मग पुढे वाचा. काचेचा ग्लास पाण्याने भरा, हातात धरा आणि वरून, पाण्यातून, ग्लासच्या कडेकडे तिरकं बघा. काच आरशासारखी चंदेरी दिसेल आणि ग्लास धरलेली तुमचीच बोटं जवळजवळ गायब होतील. आता बोटं दाबा. चंदेरी काचेवर बोटांच्या रेषा उमटतील, आणि जितकं जोरात दाबाल तितका ठसा पसरत जाईल. इथे सेंगकांगला आमच्या घरी जेवायला आलेल्या पाहुण्यांवर मी हा प्रयोग इतक्यांदा लादलाय की आता ते आधीच स्टीलचं भांडं मागतात.

याचं कारण शाळेत शिकवलेलं असतं. काचेतून हवेकडे फार तिरका निघालेला प्रकाश बाहेर पडत नाही, आतच परततो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन. पण काचेला कातडी टेकली की तेवढ्या जागी प्रकाशाला वाट मिळते, तो बोटात शिरतो आणि आरसा तिथेच फुटतो. इंग्रजीत याला 'फ्रस्ट्रेटेड' परावर्तन म्हणतात. म्हणजे बेत फसलेलं परावर्तन! भौतिकशास्त्रात इतकं माणसाळलेलं नाव क्वचितच सापडतं.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट नोंदवली न्यूटनने. १७०४ सालच्या 'ऑप्टिक्स'मध्ये तो दोन प्रिझम एकमेकांवर दाबतो. जिथे ते टेकतात तिथे परावर्तन नाहीसं होऊन एक काळा ठिपका दिसतो. पुढचं निरीक्षण आपल्या कामाचं आहे. प्रिझम जोरात दाबले की ठिपका मोठा होतो, कारण काच दबते आणि टेकणारी जागा वाढते. दाब डोळ्यांनी दिसतो, हे तिथे आलेलं आहे. पुढे १८९७ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात रेडिओ लहरींवर याच जातीचा प्रयोग केला: दोन प्रिझममधली हवेची फट किती अरुंद झाली की लहर पलीकडे जाते, हे त्यांनी मोजलं. त्याच वर्षी, त्याच कोलकात्यात, बोटांच्या ठशांचं सरकारी कार्यालय सुरू झालं आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत घडवली. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकीकडे प्रकाश आणि दुसरीकडे बोट. दोघांची गाठ पडायला मात्र अजून अर्धशतकाहून जास्त काळ जायचा होता. तोवर ठसा म्हणजे शाई.

आता स्क्रीनकडे येऊ. १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सनने टचस्क्रीनची कल्पना मांडली ती विजेवर चालणारी, आपल्या फोनची पूर्वज. प्रकाशावर चालणारी स्क्रीन १९७२ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो-४' या शैक्षणिक यंत्रणेत आली. पडद्याच्या चौकटीतून अदृश्य इन्फ्रारेड किरणांची १६ बाय १६ ची जाळी, बोट आडवं आलं की किरण तुटतो. ही जाळी तुमचं बोट कुठे आहे ते सांगते, किती जोरात आहे ते नाही. खरं तर बोट टेकलंय की नुसतं जवळ आलंय, हेही तिला कळत नाही.

दाब कळला तो १९८२ मध्ये, टोरोंटो विद्यापीठात. नाव वाचून आपल्यापैकी अनेकांचे कान टवकारतील: निमिष मेहता, मास्टर्सचा विद्यार्थी. त्याने दुधी काचेचा एक फलक केला आणि मागे कॅमेरा लावला. मागून बघताना काच पांढरी दिसायची, बोट टेकलं की काळा ठिपका, आणि ठिपक्याचा आकार दाबाप्रमाणे लहानमोठा. न्यूटनचाच ठिपका म्हणा ना, पण आता तो बघणारा डोळा कम्प्युटरचा होता. एकाच वेळी अनेक बोटं ओळखणारी ही पहिली यंत्रणा मानली जाते, आयफोनच्या पंचवीस वर्षं आधीची. २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जेफ हानने ॲक्रिलिकचा तक्ता, त्याच्या कडेला इन्फ्रारेड दिवे आणि मागे कॅमेरा अशी स्वस्त मांडणी दाखवली, आणि पुढच्या वर्षीच्या टेड भाषणाने ती जगभर पोचली. २००८ च्या अमेरिकी निवडणुकीत सीएनएनवर नकाशे सरकवणारी ती मोठी भिंत हानच्याच कंपनीची.

पण इथे थांबून एक गोष्ट नीट बघायला हवी. हे कुठलंच यंत्र दाब मोजत नाही. ते टेकलेलं क्षेत्रफळ मोजतं आणि त्यावरून दाबाचा अंदाज करतं. यात एक गृहीतक लपलेलं आहे: बोट मऊ आहे, किंचित ओलसर आहे, आणि दाबलं की पसरतं. प्रयोगशाळेतल्या बोटांची गोष्ट तीच असते. टायपिंग करणारी बोटं!

आता नंदुरबार जिल्ह्यात चला. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक रंजना सोनवणे यांना दिला गेला, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत. आधारच्या नोंदणीत दहाही बोटांचे ठसे घेतात, आणि ठसे घेणारी यंत्रं बहुतेक प्रकाशावर चालणारी: खाली प्रिझम, आत दिवा, समोर कॅमेरा. म्हणजे तुमचा पाण्याचा ग्लासच. आणि त्याच्यावर टेकणार कोणती बोटं? ऊस तोडणारी, विटा वाहणारी, लाकडं फोडणारी, आयुष्यभर राखेने भांडी घासलेली. कातडी कडक आणि कोरडी, रेषा झिजलेल्या. अशी कातडी काचेला सलग टेकत नाही, मध्ये हवेची सूक्ष्म फट राहते, आणि फट आहे तिथे परावर्तन फसत नाही. यंत्राच्या लेखी तिथे बोटच नाही.

रेशन दुकानांत पॉस मशीन आल्यावर मराठीत एक वाक्य रूढ झालं: 'अंगठा लागत नाही.' याचं व्याकरण बघा. दोष अंगठ्याचा! काच लागत नाही असं कुणी म्हणत नाही. मग अंगठा पुसला जातो, कपाळावर किंवा केसांवर घासला जातो, दुकानदार स्वतःच्या हाताने तो काचेवर दाबतो. या युक्त्या अडाणीपणाच्या नाहीत. कपाळाचं तेल हवेची फट भरतं, दाब क्षेत्रफळ वाढवतो. हे बोस यांच्या प्रयोगाचंच भौतिकशास्त्र आहे, फक्त रांगेत उभं राहून केलेलं. जास्त दाबलं की मात्र रेषा एकमेकींत मिसळतात आणि ठसा नुसता काळा डाग होतो.

२०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत आधार पडताळणीच्या अपयशाचे अंदाज दिले होते: झारखंडसाठी ४९ टक्के, राजस्थानसाठी ३७ टक्के. सगळं अपयश काचेचं नव्हतं, नेटवर्कचंही असतं. पण सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या वेगळ्या, अल्पमतातल्या निकालपत्राचा एक मुद्दा नेमका हाच होता, की माणसाचे हक्क एखाद्या यंत्राच्या संभाव्यतेवर टांगता येत नाहीत. मला तो मुद्दा कायद्याइतकाच तांत्रिक वाटतो. एकेकाळी लिहिता न येणाऱ्याला आपण 'अंगठेबहाद्दर' म्हणून हिणवायचो. सही येत नसली तरी त्याच्याकडे निदान अंगठा तरी होता. शाईला कडक कातडीचं वावडं नव्हतं.

सिंगापूरने २०१६ पासून सीमेवर येणाऱ्या प्रवाशांचे दोन्ही अंगठ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, आणि २०२० मध्ये मुख्य ओळख म्हणून बुबुळ आणि चेहरा आणले. गावाहून आलेले आजी-आजोबा असल्या यंत्रापुढे अंगठा पुसत उभे असतात, हे तुम्ही कुठल्या ना कुठल्या विमानतळावर पाहिलं असेलच. ॲपलनेही २०१५ मध्ये फोनला दाब ओळखायला शिकवलं (प्रकाशाने नाही, विजेने) आणि २०१९ च्या नव्या फोनांतून ते काढून टाकलं. तिथे फार कुणाचं अडलं नाही. फोनवर दाब ही चैन होती, रेशनच्या काचेवर गरज.

कोरड्या बोटांवर उपाय नव्हता असंही नाही. हानसारखे टेबल घरी बनवणाऱ्या हौशी लोकांनी ॲक्रिलिकवर सिलिकॉनचा पातळ मऊ थर दिला: बोट मऊ नसलं तर काच मऊ करायची. ठशांच्या काही महाग यंत्रांवरही असा पडदा असतो. तो झिजतो, फाटतो, बदलावा लागतो, म्हणजे खर्च आला. एमआयटीत २००९ मध्ये तयार झालेल्या 'जेलसाइट'ने हीच कल्पना टोकाला नेली: मऊ जेल, आत दिवे आणि कॅमेरा. जेलवर काहीही दाबा, खडबडीत, कोरडं, ओलं, त्याचा उंचसखल आकार कॅमेऱ्याला दिसतो, कारण दबतं ते जेल, वस्तू नाही. आज हे जेल रोबोंच्या बोटांच्या टोकांना लावतात, म्हणजे त्यांना बटाटा आणि अंडं वेगवेगळ्या जोराने उचलता येतं.